गरीब घरातली मुलं कॉलेजात पोचतात आणि टिकतात, त्यात समुपदेशक नेमकं काय करतो?

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेत कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांसाठी पेल ग्रँट म्हणजे फेडावी न लागणारी सरकारी मदत आहे, राज्यांच्या शिष्यवृत्त्या आहेत, सगळी माहिती इंटरनेटवर फुकट मिळते. मग कॉलेज समुपदेशनावर वेगळा पैसा आणि माणसं कशाला? आणि प्रवेश मिळाल्यावर मूल टिकतं की नाही हे तर त्याच्या अभ्यासावर ठरतं, त्यात समुपदेशकाचा हात कितीसा? विचारणाऱ्या ताईंना स्वतःला आठवड्यातले काही तास या कामाला द्यायचे आहेत, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते. मी बरीच वर्षं अमेरिकेतल्या एका मोठ्या शहरात हायस्कूलच्या शेवटच्या आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षांतल्या मुलांबरोबर हेच काम करते आहे.

माझं उत्तर सरळ आहे. नुसत्या माहितीने या मुलांच्या आयुष्यात फार थोडं हलतं. ओळखीचं माणूस शेजारी बसून काम पुरं करून घेतं तेव्हा हलतं. आणि मूल कॉलेजात टिकणार की नाही याचा मोठा हिस्सा वर्ग सुरू होण्याआधीच, ते कोणत्या कॉलेजात आणि किती कर्ज घेऊन जातंय यावर ठरून गेलेला असतो. समुपदेशनाचं खरं वजन तिथे पडतं.

पहिल्या मुद्द्याला चांगला पुरावा आहे. सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज म्हणजे फाफ्सा. तो भरल्याशिवाय पेल ग्रँट नाही, सरकारी कर्ज नाही, बहुतेक कॉलेजांची स्वतःची मदतही नाही. २००८ च्या सुमारास ओहायो आणि नॉर्थ कॅरोलिनामध्ये एक प्रयोग झाला. एच अँड आर ब्लॉक या कर-सल्लागार कंपनीच्या कार्यालयात कर भरायला आलेल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले. एका गटाचा फाफ्सा तिथल्या तिथे, नुकत्याच भरलेल्या कराच्या आकड्यांवरून भरून दिला. दुसऱ्या गटाला फक्त सांगितलं की तुम्हाला अंदाजे इतकी मदत मिळू शकते, अर्ज जरूर करा. तिसऱ्याला नेहमीसारखं सोडलं. पहिल्या गटातल्या हायस्कूलच्या मुलांचं पुढच्या तीन वर्षांत कॉलेजची दोन वर्षं पुरी करण्याचं प्रमाण २८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेलं. ज्यांना फक्त माहिती दिली त्यांच्यात काहीही फरक पडला नाही. ताई, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या दुसऱ्या गटात आहे. त्या पालकांना अंदाजे रक्कम माहीत होती, तरी अर्ज वाढले नाहीत.

पुढे फाफ्साची आठवण करून देणारे संदेश देशभर पाठवून पाहिले गेले. आठ लाखांहून जास्त विद्यार्थ्यांवर झालेल्या त्या प्रयोगांत प्रवेशाच्या आकड्यांवर काहीच परिणाम दिसला नाही. त्याआधी काही शहरांत छोट्या प्रमाणावर, मुलं ज्यांना ओळखत होती अशा समुपदेशकांकडून गेलेल्या संदेशांनी फरक पडला होता. माझा अनुभव याला धरूनच आहे. अनोळखी नंबरवरून आलेला ‘मुदत जवळ आली’ हा संदेश मूल वाचतं आणि सोडून देतं. तोच संदेश ओळखीच्या माणसाचा असेल तर उत्तर येतं: ‘मॅडम, तिथे बाबांची सही मागतायत, आणि बाबा आमच्यात राहत नाहीत.’ खरं काम या उत्तरापासून सुरू होतं.

फाफ्सा वरून साधा दिसतो. २०२४-२५ च्या वर्षापासून तो बराच लहान केला गेला, ही चांगलीच गोष्ट झाली, पण त्या वर्षी तो ऑक्टोबरऐवजी डिसेंबर २०२३ च्या अगदी शेवटी उघडला आणि सोशल सिक्युरिटी नंबर (सरकारी ओळख क्रमांक) नसलेल्या पालकांच्या मुलांना कित्येक आठवडे तो पुराच करता येईना. श्रीमंत घरांतली मुलं त्या गोंधळातूनही पार झाली, कारण त्यांचा प्रवेश या अर्जावर अडलेला नव्हता. आमच्या मुलांचा होता. एरवीच्या वर्षीही अडतं ते अर्जाच्या लांबीपाशी नाही, घरच्या परिस्थितीपाशी. आई-वडील विभक्त असतील तर कोणाचं उत्पन्न दाखवायचं? पूर्वी मूल ज्याच्याकडे जास्त दिवस राहिलं त्याचं, आता ज्याने जास्त आर्थिक भार उचलला त्याचं. मूल आजीकडे वाढलं असेल तर? कायदेशीर दत्तक घेतल्याशिवाय आजी ‘पालक’ धरली जात नाही. ज्या आईने चार वर्षांत फोन केलेला नाही, तिची संमती अर्ज मागतो. अठरा वर्षांचं मूल इथे थांबतं, लॅपटॉप मिटवतं आणि घरी सांगतं, ‘मला मदत मिळत नाही.’

प्रत्यक्षात रस्ता असतो. कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला मुलाला ‘स्वतंत्र’ मानण्याचा अधिकार असतो. त्यासाठी शिक्षक, समाजसेवक किंवा समुपदेशक यांचं पत्र, मुलाचं स्वतःचं निवेदन, असतील ती कोर्टाची कागदपत्रं लागतात. बेघर होऊन एकटं राहणाऱ्या मुलासाठी शाळा जिल्ह्याचा ठरलेला अधिकारी दाखला देऊ शकतो. वडिलांची नोकरी गेल्या वर्षीच्या कराच्या कागदांनंतर सुटली असेल तर नव्या उत्पन्नावर फेरविचार मागता येतो. हे सगळं संकेतस्थळांवर लिहिलेलं आहे. पण आपली परिस्थिती या नियमात बसते हे मुलाला कळायला हवं, आणि घरची लाज अनोळखी कारकुनासमोर उघडी करायचं बळ यायला हवं. पत्राचा मसुदा मी मुलाला शेजारी बसवून करते. काय सांगायचं आणि काय सांगायची गरज नाही, हे त्यालाच ठरवू देते.

आता कॉलेजच्या निवडीबद्दल. इथे मला सगळ्यात जास्त लिहायचं आहे, कारण इथे झालेली चूक नंतर कुणाला दुरुस्त करता येत नाही.

कमी उत्पन्नाचं हुशार मूल कॉलेजची छापील फी पाहतं आणि यादीतून नाव काढून टाकतं. पण भरपूर निधी असलेली कॉलेजं अशा मुलांना इतकी मदत देतात की प्रत्यक्ष खर्च जवळच्या सरकारी कॉलेजपेक्षाही कमी पडू शकतो. मिशिगन विद्यापीठाने एक सुरेख प्रयोग केला. कमी उत्पन्नाच्या, चांगले गुण असलेल्या मुलांना घरी पत्र पाठवलं: प्रवेश मिळाला तर चार वर्षांची ट्युशन फी माफ, आणि त्यासाठी आर्थिक मदतीचा वेगळा अर्ज नको. यातल्या जवळजवळ सगळ्या मुलांना तितकीच मदत एरवीही मिळाली असती. तरी त्या विद्यापीठाला अर्ज करणाऱ्यांचं प्रमाण २६ टक्क्यांवरून ६८ टक्क्यांवर गेलं आणि तिथे प्रत्यक्ष दाखल होणाऱ्यांचं १२ वरून २७ टक्क्यांवर. पैसा तोच, फक्त खात्री आधी मिळाली. जिथे असं पत्र येत नाही तिथे ती खात्री समुपदेशकाला द्यावी लागते. प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर निव्वळ खर्चाचं गणकयंत्र असतं. त्यात आकडे घालून, पालकांना समोर बसवून मी ते दाखवते.

मग येतात अवॉर्ड लेटर, म्हणजे कॉलेज किती मदत देणार याची पत्रं. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने, गाओने, २०२२ च्या शेवटी असा अंदाज दिला की ९१ टक्के कॉलेजं या पत्रांत निव्वळ खर्च एकतर दाखवतच नाहीत किंवा खऱ्यापेक्षा कमी दाखवतात. एक नमुना घेऊ, आकडे मी समजावण्यासाठी बसवलेत. वर्षाचा एकूण खर्च ३४,००० डॉलर. पेल ग्रँट ७,३९५, ही २०२५-२६ ची कमाल रक्कम. कॉलेजची शिष्यवृत्ती १२,०००. मुलाच्या नावाचं सरकारी कर्ज ५,५००, म्हणजे पहिल्या वर्षाची मर्यादा. उरले ९,१०५. पत्रात हे ९,१०५ डॉलर ‘पॅरेंट प्लस’ म्हणून टाकलेले असतात आणि खाली शिल्लक शून्य. घरात आनंद होतो, सगळं भागलं म्हणून. पॅरेंट प्लस हे आईच्या किंवा वडिलांच्या डोक्यावरचं कर्ज आहे, आणि तेही मंजूर होईलच असं नाही. चार वर्षांचे ते ३६,४२० डॉलर होतात, व्याज वेगळं. खरा निव्वळ खर्च वर्षाला १४,६०५ आहे. हा आकडा पत्रात कुठेही नसतो. तो मी पेन्सिलने कागदावर लिहून पालकांच्या हातात देते, आणि ज्या कॉलेजांची पत्रं आली असतील त्या सगळ्यांची अशी मांडणी करून शेजारी शेजारी ठेवते.

याच बैठकीत दुसरा आकडा ठेवायचा असतो: त्या कॉलेजात दाखल झालेल्यांपैकी पदवी किती जणांना मिळते. कॉलेज स्कोअरकार्ड या सरकारी संकेतस्थळावर तो सापडतो. स्वस्त पण जिथून फार थोडे पदवी घेऊन बाहेर पडतात असं कॉलेज गरीब मुलाला महाग पडतं. कर्ज डोक्यावर राहतं, हातात पदवी नसते. ‘आधी जवळच्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्वस्त सरकारी कॉलेजात, दोन वर्षं, मग बदली’ हा सल्ला काही मुलांसाठी अगदी योग्य आहे, पण तो सरसकट देणं मला पटत नाही. गाओच्याच २०१७ च्या अहवालानुसार कॉलेज बदलणाऱ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट, म्हणजे विषय पुरे करून जमवलेले श्रेयांक, वाया जातात. मी हा मार्ग सुचवते तेव्हा दोन्ही कॉलेजांमधला लेखी बदली-करार आधी शोधून मुलाच्या हातात ठेवते, कोणते विषय घ्यायचे त्याच्या यादीसह.

बॉस्टनमध्ये १९९७ साली सुरू झालेली बॉटम लाइन नावाची संस्था याच कामाची आहे. हायस्कूलच्या शेवटच्या वर्षापासून कॉलेज संपेपर्यंत मुलाला समुपदेशकाची सोबत मिळते. तिच्यावर अँड्र्यू बार आणि बेंजामिन कॅसलमन या अर्थशास्त्रज्ञांनी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या गटांचा अभ्यास केला. पदवी मिळण्याच्या प्रमाणात मोठी वाढ दिसली, वेगवेगळ्या शहरांत, वेगवेगळ्या समुपदेशकांकडे, सारखीच. आणि त्यांच्या विश्लेषणात या वाढीचं मुख्य कारण निघालं ते हे की मुलं सुरुवातीलाच जास्त चांगल्या कॉलेजात दाखल झाली. निवडीच्या बैठकीवर मी इतका जोर का देते, ते यावरून लक्षात येईल.

निवड झाली, १ मे च्या आसपास डिपॉझिट भरलं, शाळेत टाळ्या झाल्या. आणि इथून ऑगस्टपर्यंतचा काळ सगळ्यात धोक्याचा. शाळेचे समुपदेशक सुट्टीवर, कॉलेजात अजून कुणी ओळखत नाही. कॅसलमन आणि लिंडसे पेज यांच्या संशोधनानुसार कॉलेजला जायचं ठरवलेल्या मुलांपैकी १० ते २० टक्के मुलं या उन्हाळ्यात गळतात, आणि कमी उत्पन्नाच्या मुलांत हे प्रमाण जास्त असतं. गळायला मोठं कारण लागत नाही. लसीकरणाचा दाखला राहिला म्हणून विषय नोंदवता येत नाहीत. हायस्कूलचं अंतिम गुणपत्रक पोचलेलं नसतं. फाफ्सा पडताळणीत अडकतो आणि कॉलेज उत्पन्नाचे कागद मागतं. ओरिएंटेशनची फी निघते. बिलात आरोग्य विम्याचे दोन-तीन हजार डॉलर दिसतात आणि घरचे हादरतात. मुलाकडे मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांचा सरकारी आरोग्य विमा, असेल तर बऱ्याच ठिकाणी एक फॉर्म भरून हा आकार काढून टाकता येतो, फक्त त्याची मुदत असते. तीन हजारांच्या या एका ओळीपायी सप्टेंबरात दुकानात कामाला लागलेली मुलं मी पाहिली आहेत.

जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने २०१६ मध्ये या उन्हाळ्यासाठी संदेशांना उत्तर देणारा चॅटबॉट वापरला आणि गळती सुमारे एक पंचमांशाने कमी झाली. मग देशभरातले ते लाखो संदेश का फुकट गेले आणि हा का चालला? त्याला प्रत्येक मुलाचं नेमकं कोणतं काम अडलंय हे विद्यापीठाच्या नोंदींतून कळत होतं, ज्याचं काम झालं त्याला तो त्रास देत नव्हता, आणि त्याला न जमलेला प्रश्न माणसाकडे जात होता. यंत्राला माझा विरोध नाही. त्याच्या मागे मुलाची खरी नोंद आणि खरं माणूस हवं, एवढंच.

आता टिकण्याबद्दल. अभ्यास जमत नाही म्हणून मुलं सोडतात हा समज अर्धाच खरा आहे. अडचण बहुतेक वेळा पैशांची, वेळेची किंवा नियम माहीत नसण्याची असते, आणि ती हळूहळू गुणांवर दिसायला लागते. ‘कसं चाललंय?’ असं विचारलं की प्रत्येक मूल ‘छान’ म्हणतं. म्हणून मी तो प्रश्न विचारत नाही. ‘पोर्टल उघड, आपण दोघं बघू’ म्हणते. तिथे लाल अक्षरांत होल्ड दिसतो, कुठलीशी शंभर-दोनशे डॉलरची थकबाकी, आणि त्यापायी पुढच्या सेमिस्टरची नोंदणी बंद. जॉर्जिया स्टेटने २०११ पासून अशा विद्यार्थ्यांना छोटी अनुदानं दिली, २,५०० डॉलरपर्यंतची, पदवीच्या जवळ आलेल्यांना आधी. मुलांनी मागायची वाट पाहिली नाही. विद्यापीठानेच थकबाकी पाहून खात्यात रक्कम टाकली. मागायला लावणारी मदत आणि आपणहून येणारी मदत यांत या मुलांच्या बाबतीत फार मोठं अंतर असतं.

नियमांपैकी तीन मी पहिल्याच महिन्यात समजावते. बारा क्रेडिट घेतली की आर्थिक मदतीसाठी मूल ‘पूर्णवेळ’ ठरतं, पण चार वर्षांत पदवी हवी असेल तर सेमिस्टरला साधारण पंधरा लागतात. आणि पेल ग्रँट आयुष्यात एकूण बारा सेमिस्टरइतकीच मिळते. दुसरा, मदत चालू राहण्यासाठी बहुतेक ठिकाणी २.० चा जीपीए (सरासरी गुणांक) आणि घेतलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश क्रेडिट पुरी करावी लागतात. घसरलं तर अपील करता येतं, आणि आजारपण, घरातला मृत्यू, घर सुटणं ही कारणं कागदांसह मांडली तर कॉलेजं ती ऐकतात. तिसरा नियम मला सगळ्यात क्रूर वाटतो. सेमिस्टरचा ६० टक्के काळ होण्याआधी मूल सगळे विषय सोडून निघून गेलं तर सरकारी मदतीचा काही भाग परत जातो आणि ती रक्कम कॉलेज मुलाकडे मागतं. आई आजारी म्हणून ऑक्टोबरमध्ये घरी गेलेल्या मुलीच्या नावावर डिसेंबरात कर्ज उभं राहतं, आणि ते फेडल्याशिवाय तिला परत येता येत नाही. निघण्याआधी तिने एक फोन केला तर कधी दोन आठवडे थांबून, कधी एखादा विषय ठेवून, कधी रीतसर रजा घेऊन बरंच वाचतं. तो फोन करण्याइतकं नातं आधी जुळलेलं असावं लागतं. ते ऑक्टोबरमध्ये जुळत नाही.

टिकवण्यासाठी काय केलं की चालतं, याचा माझ्या माहितीतला सर्वांत भक्कम नमुना म्हणजे न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीचा असॅप हा २००७ साली सुरू झालेला कार्यक्रम. कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना पूर्णवेळ शिकण्याची अट, नेहमीपेक्षा कितीतरी कमी विद्यार्थी सांभाळणारा आणि वारंवार भेटणारा सल्लागार, फीमधली उरलेली तूट माफ, पुस्तकं, आणि मेट्रोचा पास. एमडीआरसी या संशोधन संस्थेच्या अभ्यासात तीन वर्षांत पदवी मिळवणाऱ्यांचं प्रमाण २२ टक्क्यांवरून ४० टक्के झालं. नंतर ओहायोमधल्या तीन कॉलेजांनी हीच पद्धत उचलली, तिथेही पदवीधरांचं प्रमाण जवळजवळ दुप्पट झालं. मेट्रोचा पास दर महिन्याला सल्लागाराच्या भेटीशी जोडलेला होता, हे मला विशेष आवडतं. पासासाठी आलेलं मूल खुर्चीत बसतं, आणि मग बोलतं.

नेहमीच्या शाळेत हे का होत नाही? समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस एका समुपदेशकामागे २५० विद्यार्थ्यांची आहे. २०२२-२३ मध्ये देशाची सरासरी ३८५ होती, आणि त्याच माणसाला वेळापत्रकं, परीक्षा, भांडणं, मानसिक आरोग्य सगळं पाहायचं असतं. म्हणून १९६० च्या दशकापासूनचे अपवर्ड बाउंड आणि टॅलेंट सर्चसारखे सरकारी कार्यक्रम आणि अनेक स्वयंसेवी संस्था ही पोकळी भरतात. त्यातली एखादी तुमच्या शहरात असेलच, ताई. एकट्याने सुरू करण्याआधी तिच्याकडे जा. विद्यार्थ्यांच्या कागदपत्रांची गोपनीयता, पालकांच्या स्थलांतराचे प्रश्न, हे प्रशिक्षणाशिवाय हाताळू नयेत.

तिथे गेल्यावर तुम्हाला बहुधा मोठ्या सभागृहात माहिती सांगायला बोलावतील. एखाद्या वेळी जा, पण तुमचे तास त्यात घालवू नका. चार-पाच मुलं मागून घ्या आणि त्यांच्याबरोबर दोन वर्षं राहण्याची तयारी ठेवा. सुरुवात अकरावीच्या शेवटी, म्हणजे यादी बनायच्या आधी करा. मुलाची परवानगी घेऊन आईशी किंवा जे कोणी घर चालवतंय त्यांच्याशी तुम्ही स्वतः एकदा बोला, कारण नोव्हेंबरात ‘शनिवारी कामावर ये, घरभाडं कमी पडतंय’ हा फोन तिथूनच येणार असतो आणि त्या घराचा हिशेब तुम्हाला माहीत असायला हवा. जून आणि जुलैमध्ये तुम्ही गावाला जाणार असाल तर तेवढ्यापुरता कुणीतरी बदली ठरवा.

आणि फाफ्सा दरवर्षी नव्याने भरायचा असतो, हे बहुतेक मुलांना आपोआप कळत नाही. एका अभ्यासात पहिल्या वर्षी पेल ग्रँट मिळालेल्या आणि गुण व्यवस्थित असलेल्या विद्यार्थ्यांपैकी १५ ते २० टक्के मुलांनी दुसऱ्या वर्षासाठी अर्जच केला नव्हता. पहिल्या वर्षी सगळी शाळा मागे लागलेली असते, दुसऱ्या वर्षी कुणी नसतं. अर्ज साधारण १ ऑक्टोबरला उघडतो, म्हणजे मूल कॉलेजात जाऊन जेमतेम सहा आठवडे झालेले असतात. पहिल्या भेटीतच तुमच्या दिनदर्शिकेत ही तारीख घाला, आणि त्या आठवड्यात मुलाला फोन करून दोघांनी मिळून तो अर्ज भरा.